शालान्त परीक्षेचा अभ्यास (नाशिक)

माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे इयत्ता दहावीत, राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी विद्यार्थी वेगवेगळ्या विषयांत जे वाचतात, पाठ करतात, सोडवतात आणि काढतात, त्या सगळ्याला मिळून बोलीत ‘दहावीचा अभ्यास’ म्हणतात. ‘यंदा आमच्याकडे दहावी आहे’ एवढे म्हटले की त्या घरी पाहुणे बेताने येतात आणि टीव्हीचा आवाज आपोआप उतरतो. अभ्यासक्रम साऱ्या महाराष्ट्रात एकच असला, तरी तो कोणत्या भाषेत, कोणत्या हंगामात आणि कशाच्या शेजारी बसून होतो हे गावागणिक बदलते. या नोंदीत नाशिक शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाले. त्याच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात. पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ काढते. दहावीची सध्याची पुस्तके २०१८ साली आली आणि त्यांवरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते; राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. मुलांची समज एका वर्षात एवढी खाली-वर होत नाही. निकालाचा आकडा वाचताना परीक्षेचा साचा आधी पाहावा, तो यासाठी.

एकूण गुण ६०० असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या सहा विषयांना प्रत्येकी १००. त्यांतले ८० लेखी, २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे ४०-४० गुणांचे दोन वेगळे पेपर होतात. टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात. चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षा, खेळ आणि लोककला यांचे थोडे वाढीव गुणही मिळतात.

‘दहावीला सगळे पाठांतरच असते’ असे सरसकट बोलले जाते. ते खरे नाही. प्रत्येक विषय वेगळ्या जातीचे कष्ट मागतो, आणि सगळ्या विषयांना एकच पद्धत लावणारे हुशार मूलही मागे पडते. मराठीच्या पेपरला आता ‘कृतिपत्रिका’ म्हणतात. प्रथम भाषेच्या ८० गुणांत उपयोजित लेखनाला २४ आहेत: पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, आत्मकथन, वैचारिक लेखन. व्याकरणाला, म्हणजे भाषाभ्यासाला, आणखी १६. गद्य-पद्याच्या कृतींमध्ये उतारा समोर छापलेला असतो. तो समजून आकृतिबंध भरायचा, मग ‘स्वमत’ लिहायचे. धड्यांची तयार उत्तरे घोकण्यात जूनपासून डिसेंबर घालवणाऱ्याला स्वमताच्या आठ-दहा ओळी स्वतःच्या सुचत नाहीत, आणि गुण नेमके तिथे जातात. हिंदी आणि संस्कृत अनेक शाळांत ५०-५० गुणांच्या संयुक्त अभ्यासक्रमाने शिकवतात. पूर्ण संस्कृत घेणारा मात्र शब्दरूपे आणि धातुरूपे रोज म्हणतो. तिथे पाठांतरच कामाला येते, त्यात कमीपणा काही नाही.

गणिताचा पहिला भाग बीजगणिताचा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. अर्थनियोजनात जीएसटीची आकारणी आणि शेअर्सची गणिते आहेत, त्यामुळे दुकानदाराच्या घरातले मूल या प्रकरणाला सहसा भीत नाही. दुसरा भाग भूमितीचा: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. भूमितीत प्रमेये पाठ करावी लागतात हे खरे, पण पक्ष, साध्य आणि सिद्धता यांची साखळी न कळता पाठ केलेले प्रमेय आकृतीतली अक्षरे बदलली की कोसळते. ‘वर्तुळ’ आणि ‘त्रिकोणमिती’ ऑप्शनला टाकण्याची जुनी सवय अजून आहे. चाळीस गुणांच्या पेपरात दोन प्रकरणे सोडणे परवडत नाही, हे पूर्वपरीक्षेच्या गुणांवरून कळते, आणि तोवर जानेवारी उजाडलेला असतो.

विज्ञानाच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे. दुसऱ्यात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, आपत्ती व्यवस्थापन अशी प्रकरणे येतात. ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ आणि नामनिर्देशित आकृती हे ठरलेले प्रश्नप्रकार. नाशिकच्या मुलाला यातले पुष्कळ काही नुसते डोळ्यांनी दिसणारे आहे. ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या प्रकरणात कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनित्र हा क्रम आकृतीसह शिकायचा असतो. नाशिकरोडजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या रस्त्यावरून दिसतात. यीस्टमुळे होणारे किण्वन सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, आणि दिंडोरीच्या वाटेवर द्राक्षांपासून वाइन करणारे कारखाने आहेत. ही जोड करून देणारे शिक्षक जिल्ह्यात आहेत. त्यांच्या वर्गातली मुले आकृतीतल्या बाणांची दिशा सहसा चुकवत नाहीत.

विज्ञान आणि गणित ‘सेमी’त, म्हणजे इंग्रजीतून, शिकण्याची पद्धत मराठी शाळांत रुळली आहे. त्याने अकरावी सायन्सची वाट सोपी होते. मात्र अशा मुलाला ‘रिफ्रॅक्शन’ येते आणि ‘अपवर्तन’ ऐकले की ते थांबते. घरी समजावू पाहणारी आई मराठीतून शिकलेली असेल तर दोघांचे शब्दच जुळत नाहीत. दोन्ही भाषांतल्या संज्ञांची एक छोटी वही मुलाने स्वतः करावी. ती पाहुण्यांपुढे दाखवायला नव्हे, आईबरोबर बसायला उपयोगी पडते.

इतिहास हा सर्वांत गैरसमज झालेला विषय. दहावीच्या पुस्तकात लढाया आणि सनावळ्या फारशा नाहीत. इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असा त्याचा घाट आहे. म्हणजे इतिहास कसा तयार होतो आणि कसा राखला जातो, हे शिकायचे. त्यासाठी नाशिकइतके सोयीचे गाव थोडेच. त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांत (आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो) सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहनांविषयी आपल्याला जे कळले त्यातला मोठा भाग असल्या दगडांवरून कळला. अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे. चित्रपटाच्या इतिहासात ज्यांचे नाव पहिले, ते दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. राज्यशास्त्रात सामाजिक आणि राजकीय चळवळींचा पाठ आहे. तो वाचणाऱ्या पंचवटीतल्या मुलाच्या घरापासून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर असते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो लावून धरला. परीक्षेच्या उत्तरात स्थानिक उदाहरण दिले तर चालते का, असे मुले विचारतात. ‘तुमचे मत लिहा’ आणि ‘स्पष्ट करा’ या प्रश्नांत ते द्यावेच.

अभ्यासाची साधने ठरलेली: पाठ्यपुस्तक, शाळेची वही, गाइड, ‘अपेक्षित’ प्रश्नसंच, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला खासगी क्लासची दाटी आहे. घरात जागा नसलेली मुले अभ्यासिकेत बसतात. १८४० सालचे सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहराला वाचनाच्या खोलीत शांत बसण्याची सवय जुनी आहे. दिवाळीच्या आसपास ‘पोर्शन’ संपवायचा, जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीत प्रात्यक्षिके आणि तोंडी, मग लेखी. २०२५ मध्ये लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी मिळणारी दहा मिनिटे २०२३ पासून शेवटी मिळतात, त्यामुळे घड्याळ लावून घरी पूर्ण पेपर सोडवण्याचा सराव अधिक महत्त्वाचा झाला.

शहराबाहेर हे वेळापत्रक शेतीशी झगडते. जानेवारी ते मार्च हा निफाड-दिंडोरीकडे द्राक्षकाढणीचा हंगाम, आणि कांद्याचीही कामे त्याच सुमारास असतात. घरचे मूल सकाळी बागेत हात लावून शाळेला जाते. सुरगाणा, पेठ भागातली अनेक आदिवासी कुटुंबे या दिवसांत मजुरीसाठी द्राक्षपट्ट्यात उतरतात, आणि दहावीचे मूल मागे राहते, आश्रमशाळेत किंवा आजीकडे. ऐन परीक्षेत घरी विचारणारे कोणी नसणे ही अडचण गुणपत्रिकेवर कुठेच दिसत नाही. भाषेचेही तसेच. सुरगाण्याकडे घरात कोकणा, बागलाण-कळवणकडे अहिराणी, मालेगावात मोठ्या वर्गाची उर्दू. मालेगावची मुले सगळे विषय उर्दूतून लिहू शकतात. मंडळाने ती सोय दिलेली आहे. कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मात्र प्रमाण मराठी ही ‘प्रथम भाषा’ म्हणून लिहावी लागते, आणि स्वमताच्या ओळींत ते अडखळते तेव्हा त्याला विचार सुचत नाही असा शेरा मिळतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

भूगोल सहसा शेवटचा पेपर असतो. दहावीचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची प्रकरणागणिक तुलना करते: प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, अर्थव्यवस्था. क्षेत्रभेट हे त्यातले पहिलेच प्रकरण. आलेख काढणे आणि नकाशाच्या आराखड्यात स्थाने भरणे यांचे गुण हातचे असतात. पेन्सिल टोकदार हवी आणि सूची विसरू नये. जलविभाजक शिकायला त्र्यंबकचा डोंगर पुरेसा आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि जवळच उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे हाच भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. मुलांना त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, लेखी परीक्षाच झाली नाही.