अर्बुद-ऊतिपेढी

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा, निदानाला पुरून उरलेला भाग रुग्णाच्या संमतीने संशोधनासाठी जतन करणारी व्यवस्था. रुग्णालयात तिला सरळ टिश्यू बँक किंवा बायोबँक म्हणतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) साहाय्याने असा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला आहे. अशा नमुन्यांचे मोल तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या गाल-हिरडीच्या कर्करोगात चांगले दिसते. या कर्करोगातले जनुकीय बदल भारतीय चमूने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. खारघरचे ॲक्ट्रेक (टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था) आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची जनुकशास्त्र संस्था या कामात होत्या. पहिल्या टप्प्यात ५० रुग्णांच्या गाठी आणि त्याच रुग्णांचे रक्त तपासले गेले. गाठीत दिसलेला बदल जन्मापासूनचा की नंतर घडलेला, हे रक्ताशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून गाठीबरोबर रक्ताची एक नळी घेण्याचा नेम पाळावा.

संमती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्याआधी, रुग्णाच्या भाषेत, निवांत घ्यावी. ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) दारात स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाकडून घेतलेली सही ही संमती नव्हे. रुग्ण आणि नातेवाईक बहुधा दोनच गोष्टी विचारतात: जास्तीचे काही कापून घेणार का, आणि नाही म्हटले तर उपचारात फरक पडेल का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे असते आणि ते आपणहून आधीच सांगितलेले बरे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुन्यावर मालकी रुग्णाची असते. पेढी केवळ राखणदार. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी त्यांना न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्यांतून वाढवलेल्या हेला पेशी जगभर पोचल्या, घरच्यांना मात्र कित्येक वर्षे पत्ता नव्हता.

नमुन्याचा खरा कस पहिल्या अर्ध्या तासात लागतो. गाठीची रक्तवाहिनी बांधली की पेशींचा प्राणवायू तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. त्या उपासमारीला तोंड देऊ लागतात, काही जनुके चालू होतात, काही बंद पडतात, आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) तुटू लागतो. उशिरा गोठवलेल्या नमुन्यात मग कर्करोगाऐवजी या उपासमारीच्याच खुणा सापडतात. बऱ्याच पेढ्या गाठ शरीराबाहेर आल्यापासून ती गोठवेपर्यंत ३० मिनिटांची मर्यादा ठेवतात आणि रक्तवाहिनी बांधल्याची, गाठ काढल्याची व गोठवल्याची अशा तिन्ही वेळा नोंदवतात. घोटाळा बहुधा वाटेत होतो. नमुना ट्रॉलीवर राहून जातो, नेणारे मामा दुसऱ्या कामाला गेलेले असतात, किंवा कुणीतरी सवयीने तो फॉर्मॅलिनच्या (निदानासाठी ऊती टिकवणाऱ्या द्रवाच्या) बरणीत टाकतो. यावर उपाय म्हणजे पेढीचा माणूस ओटीबाहेर हजर हवा. नमुना सलाइनमध्ये बुडवू नये, तो पाणी शोषून फुगतो. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून आणावी. बर्फाचा थेट स्पर्श नको.

तुकडा कुठून घ्यायचा हे गाठ तपासून निदान करणारा पॅथॉलॉजिस्टच ठरवतो. आधी नमुन्याची दिशा ओळखून कडांना शाई लावली जाते, मग छेद घेतला जातो. कडा आणि गाठीचा सर्वांत खोल गेलेला भाग निदानासाठीच राखायचा. तोंडाच्या कर्करोगात गाठ किती खोल रुतली आहे यावर कर्करोगाचा टप्पा (स्टेज) ठरतो. ५ मिमी आणि १० मिमी या त्यातल्या सीमारेषा. पेढीसाठी चुकीच्या जागी पाते फिरले तर रुग्णाचा रिपोर्टच चुकेल. गाठ लहान असेल तर पेढीने हात आखडता घ्यावा. गाठीचा मधला भाग अनेकदा मेलेला, पिठूळ असतो, म्हणून त्याच्या बाहेरचा घट्ट, पांढुरका भाग निवडतात. दर वेळी पाते बदलून, गाठीपासून दूरचा निरोगी दिसणारा तुकडाही घेतात. गालाच्या नमुन्यात स्नायू आणि लाळग्रंथी सहज मिसळतात, हे ध्यानात ठेवावे.

तुकडे ३ ते ५ मिमीचे करतात. ते थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा मोह होतो. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस, मग आणखी काय हवे? पण तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब जसा स्वतःच्या वाफेवर नाचतो, तसा तुकड्याभोवती नायट्रोजन उकळून वायूचे पांघरूण तयार होते. गोठणे मंदावते, बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात, तुकड्याला तडे जातात. म्हणून स्टीलच्या पेल्यात आयसोपेंटेन हे या थंडीत न उकळणारे द्रव घेऊन तो पेला नायट्रोजनमध्ये धरतात. पेल्याच्या तळाशी पांढरा थर धरू लागला की द्रव तयार झाला असे समजावे. मग तुकडा त्यात बुडवायचा. काही सेकंदांत तो खडूसारखा पांढरा होतो. आयसोपेंटेन झटकन पेट घेते, जवळपास ज्योत नको.

त्याच नमुन्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्येही जातो. १० टक्के बफरयुक्त (आम्लता वाढू न देणारे) फॉर्मॅलिन, नमुन्याच्या दहापट, आणि ६ ते ७२ तास. काप ५ मिमीपेक्षा जाड नसावा. द्रव आत हळूहळू झिरपतो आणि जाड नमुना मधून सडतो. बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार होऊन डीएनएचे तुकडे पडतात. स्वस्त पडते म्हणून ते वापरणे पुढे महागात जाते.

तुकडा ठेवलेल्या नळीवर रुग्णाचे नाव नसते, बारकोड असतो. नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळी, कुलूपबंद. साधे स्टिकर उणे ८० अंशांत गळून पडते आणि बॉलपेनची शाई स्पिरिटने पुसली जाते, म्हणून गोठणीला टिकणारेच लेबल हवे. लेबल गळालेली नळी कितीही चांगली गोठलेली असली तरी ती टाकूनच द्यावी लागते.

साठवण उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये किंवा नायट्रोजनच्या बाष्पात होते. थेट द्रवात ठेवलेल्या नळीत नायट्रोजन शिरला तर बाहेर काढताना ती फुटू शकते. द्रव नायट्रोजनचा वायू होताना आकारमान सुमारे ७०० पट वाढते. बंद खोलीत प्राणवायू घटून माणूस काही न जाणवता कोसळतो. त्यामुळे प्राणवायू मोजणारे यंत्र भिंतीवर असलेच पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका मेंदूपेढीचा फ्रीजर बंद पडला, धोक्याची घंटाही वाजली नाही आणि स्वमग्नतेच्या संशोधनासाठी जपलेले अनेक मेंदू खराब झाले. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावांत तर जनरेटर, रात्री फोन उचलणारा माणूस आणि एका रुग्णाचे तुकडे दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये विभागून ठेवणे, यांतले काहीच गाळता येत नाही.

संशोधकाला देण्यापूर्वी तुकड्याचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाठीच्या पेशी ६० टक्क्यांहून अधिक आणि मृत भाग २० टक्क्यांहून कमी, हा जनुकीय कामासाठी रुळलेला निकष. आरएनएची अखंडता १ ते १० गुणांत मोजतात. ७ च्या वर असेल तर तो बहुतेक कामांना चालतो. एकदा वितळलेला तुकडा पुन्हा गोठवून ठेवत नाहीत. म्हणूनच सुरुवातीला एक मोठा ठोकळा न ठेवता अनेक लहान नळ्या भरतात.

मागणी आली की आचारसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी आणि हस्तांतरणाचा करार पाहून नमुना दिला जातो. रुग्णाने संमती मागे घेतली तर शिल्लक नळ्या नष्ट करून तसे नोंदवहीत लिहितात. प्रसिद्ध झालेल्या संशोधनातली माहिती मात्र परत घेता येत नाही, आणि ही मर्यादा संमतिपत्रात आधीच लिहिलेली असावी.