देनारियसवरचे चेहरे

रोमचे देनारियस हे चांदीचे नाणे इ.स.पू. २११च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना निघाले. वजन आधी साधारण ४.५ ग्रॅम होते, काही वर्षांतच ३.९ ग्रॅमपर्यंत उतरले. दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मानेमागे दहाचा रोमन अंक, कारण एका देनारियसला कांस्याची दहा ‘आस’ नाणी मिळत. मागे घोडे फेकत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव.

इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात टाकसाळीचे तरुण अधिकारी आपल्या घराण्याचे पराक्रम नाण्यांवर कोरू लागले. निवडणुका लढवणाऱ्यांना यापेक्षा दूरवर पोहोचणारी जाहिरात नव्हती. तरीही रोमच्या टाकसाळीने हयात माणसाचा चेहरा छापला नव्हता. तो संकेत इ.स.पू. ४४मध्ये सीझरने मोडला. त्याचा मारेकरी ब्रूटस याने इ.स.पू. ४२मध्ये पाडलेल्या देनारियसवर दोन खंजीर आणि मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आहे, पण दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचाच चेहरा! प्रजासत्ताक किती खिळखिळे झाले होते, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

नाणी हातोड्याने पाडत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर चकती, तिच्यावर दुसरा ठसा. चकती सरकली की चित्र कडेला जाई. पाडलेले नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र उमटे: एकीकडे उठावाचे, दुसरीकडे खोलगट आणि उलटे. बनावट नाण्यात तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवत, कड झिजली की तांबे डोकावे. काही देनारियसच्या कडांना करवतीसारखे दाते आहेत. आतली चांदी दिसावी म्हणून ते पाडले, असे सांगतात, पण दातेरी नाण्यांतही तांब्याचा गाभा सापडतो, म्हणून हे कारण पुरेसे वाटत नाही.

सम्राट नीरोने इ.स. ६४मध्ये देनारियसचे वजन आणि कस दोन्ही घटवले. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी चांदी निम्म्यावर आली. इ.स. २१५मध्ये कॅराकॅलाने काटेरी किरणमुकुटाचे नवे नाणे काढले. त्याची किंमत दोन देनारियस मानली जाते, पण वजन दीडपटच होते.

दक्षिण भारतातल्या, विशेषतः कोइम्बतूर परिसरातल्या नाणेसंचयांत ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांचेच देनारियस भरपूर मिळतात, नीरोनंतरचे फारच थोडे. मिऱ्यांच्या व्यापारात शुद्ध चांदीला मागणी होती, आणि कस उतरलेले नाणे इथे खपत नसावे.