ब्रॅकन नेच्यातील टाक्विलोसाइड : शोधाची पार्श्वभूमी

ब्रॅकन हा नेचा अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत आढळतो. चारा कमी पडला की गुरे त्याच्याकडे वळतात आणि आजारी पडतात, हे इंग्लंडमधील पशुवैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नोंदवले होते. मात्र त्यातील कर्करोगकारक रेणू, म्हणजेच टाक्विलोसाइड, हाती लागायला १९८३ साल उजाडले.

हा नेचा खाणाऱ्या घोड्यांचा तोल जातो, त्याचे कारण आधी उलगडले. नेच्यातील थायमिनेज हे विकर ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. गुरांना हे स्पष्टीकरण लागू पडेना, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू ते जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. शिवाय गुरांत दिसत होते ते निराळेच : अस्थिमज्जा निकामी होणे, रक्तस्राव, आणि वर्षानुवर्षे थोडाथोडा नेचा खाणाऱ्यांच्या मूत्राशयात गाठी होऊन लघवीतून रक्त जाणे. १९६५ मध्ये वेल्समधील इव्हान्स आणि मेसन यांनी नेचा खाऊ घातलेल्या उंदरांना आतड्याचा कर्करोग होतो, असे दाखवले.

तरीही नेमके द्रव्य सापडेना. अर्क काढताना ते संशोधकांच्या हातातच नाहीसे होत असे. टाक्विलोसाइड पाण्यात सहज विरघळते, पण उष्णता, आम्ल किंवा अल्क यांपुढे टिकत नाही. त्याला जोडलेला ग्लुकोज सुटतो आणि शेवटी पटेरोसिन बी हे स्थिर द्रव्य उरते. सत्तरच्या दशकात पटेरोसिन गटातील अनेक द्रव्ये वेगळी करण्यात आली, परंतु त्यांच्यामुळे कर्करोग होत नव्हता. गुन्हेगार पळून गेल्यावर त्याचे कपडे तपासण्याचाच हा प्रकार होता. अखेर सौम्य पद्धतींनी जपानमधील आणि नेदरलँड्समधील गटांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, मूळ रेणू मिळवला. अल्कधर्मी द्रवात ग्लुकोज सुटताच त्यापासून तयार होणारे अतिक्रियाशील मध्यस्थ द्रव्य थेट डीएनएला चिकटते. गाईची लघवी बहुधा अल्कधर्मी असते. मूत्राशयच का बळी पडते, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो.

जपानमध्ये या नेच्याचे कोवळे कोंब ‘वाराबी’ म्हणून आवडीने खाल्ले जातात, पण त्याआधी ते राख किंवा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची जुनी रीत आहे. जपानी संशोधक हिरोनो यांच्या गटाने तपासले तेव्हा अशा कोंबांची कर्करोगकारकता बरीच घटलेली आढळली. अर्थात, कच्चा नेचा चरणाऱ्या गाईच्या वाट्याला ही प्रक्रिया येत नाही, आणि तिच्या दुधात टाक्विलोसाइड उतरते, हे व्हेनेझुएलातील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले.