बावचीच्या बियांचे रासायनिक विश्लेषण

बावची (सोरॅलिया कॉरिलिफोलिया) ही शिंबावंत कुलातील वर्षायू वनस्पती. पांढऱ्या कोडावरचे औषध म्हणून आयुर्वेदात तिला मोठे स्थान आहे. बडोद्याच्या मांडवी भागात किंवा दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ‘बावचीचे बी’ म्हणतात ते खरे तर एकबीजी फळ असते. काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराचे, आणि साल बियाला इतकी घट्ट चिकटलेली की ती सोलून निघत नाही. म्हणून विश्लेषणासाठी सालीसकटच भरड करतात.

यातील मुख्य घटक तीन: सोरॅलेन, त्याचे समघटक (तेच अणू, वेगळी मांडणी) आयसोसोरॅलेन (दोन्हींचे सूत्र C₁₁H₆O₃) आणि बाकुचिऑल (C₁₈H₂₄O). बाकुचिऑल १९६६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मेहता, नायक आणि सुख देव यांनी प्रथम वेगळे काढले. सुख देव पुढे बडोद्याजवळच्या नंदेसरी येथील माल्टी-केम संशोधन केंद्रात होते. बडोद्याला रसायनाची जुनी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिथले रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर यांचा १९०७ मध्ये अलेंबिक या औषध कंपनीच्या स्थापनेत वाटा होता.

भरड आधी हेक्झेनमध्ये उकळली की तेल आणि बरेचसे बाकुचिऑल निघून येते. मग मेथॅनॉलमध्ये सोरॅलेने (सोरॅलेन आणि आयसोसोरॅलेन) उतरतात. अर्काचा थेंब सिलिकाच्या पट्टीवर ठेवून, घटक वेगळे व्हावेत म्हणून तिच्यावर द्रावक चढू दिला आणि मग ती ३६५ नॅनोमीटरच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली धरली, तर अंधारात निळे ठिपके लखलखतात. ते पाहणे हा या कामातला खरा आनंद! बाकुचिऑल मात्र तिथे असे उठून दिसत नाही. त्यासाठी व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्ल फवारून पट्टी तापवावी लागते. नेमके प्रमाण काढायला उच्च-कार्यक्षमता द्रव वर्णलेखन (एचपीएलसी) हवे. सी-१८ स्तंभ (तेलकट रेणूंना जास्त धरून ठेवणारी भरण असलेली नळी) यातून सोरॅलेने आधी बाहेर पडतात, तेलकट बाकुचिऑल बऱ्याच उशिरा.

प्रमाण मोजणे ही केवळ दर्जाची बाब नाही. सोरॅलेन त्वचेत असताना ऊन लागले की ते डीएनएशी जोडले जाते. कोडावर रंग परत येण्यात या क्रियेचा हात आहे, आणि मात्रा चुकली तर फोड उठतात तेही तिच्यामुळेच. पोटात घेतलेल्या बावचीने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

आकडा नमुना कसा हाताळला यावरही बदलतो. बियांत सोरॅलेनचा काही भाग शर्करेशी बांधलेला, म्हणजे ग्लायकोसाइडच्या रूपात असतो. भरड पाण्यात भिजली की बियांतलीच विकरे (एन्झाइम) ती गाठ सोडवतात आणि मुक्त सोरॅलेन वाढते. त्यामुळे बी कोरडे दळले की भिजवून, हे अहवालात लिहिल्याखेरीज दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत.