पोरं रस्सीवर का लटकतात?

आर्मी भरतीच्या पोरांचा सगळा जीव १६०० मीटर रनिंगमध्ये अडकलेला असतो, ते बरोबरच आहे म्हणा, पण सिलेक्शन होऊन बेळगावच्या मराठा सेंटरला किंवा दुसऱ्या कुठल्या ट्रेनिंग सेंटरला गेलं की समोर ऑब्स्टॅकल, म्हणजे पार करायचे अडथळे येतात. पुढे बीपीईटी (बॅटल फिजिकल एफिशिअन्सी टेस्ट) नावाची टेस्ट असते, त्यात रायफल आणि पाठीवरच्या पिठ्ठूसकट (बॅगेसकट) ५ किमी पळणं, ९ फुटी खड्डा, आडवी रस्सी आणि उभी रस्सी. जिममध्ये दंड कमावलेला गडीसुद्धा या उभ्या रस्सीवर अर्ध्यात लटकतो.

गंमत बघा, ६५ किलोचा माणूस ४ मीटर वर गेला तर काम होतं साधारण २५५० ज्यूल, म्हणजे जेमतेम ०.६ किलोकॅलरी. शरीर यातलं बरंच उष्णतेत घालवतं म्हणून चौपट धरा, तरी एका बिस्किटाच्या आत. मग दम कुठे निघतो? पकडीत. मूठ आवळणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात, आणि ते जोरात आवळले की त्यांच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी, ऑक्सिजन कमी, हात भरून येतो आणि बोटं आपोआप सुटायला लागतात. तुम्ही वर सरकत नसलात तरी नुसतं लटकायलाही एनर्जी जळतच असते.

म्हणून उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, पाय नीट वापरा म्हणून ओरडतात. एका बुटावरून रस्सी घ्यायची, दुसऱ्या बुटानं वरून दाबायची, घर्षणानं ब्रेक लागतो आणि वजन मांड्यांवर जातं, तेवढ्यात मूठ जरा सैल झाली की हातात रक्त परत येतं. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती बरीचशी मज्जातंतूंची करामत, मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू कामाला लावायला शिकतो, दंडाचं माप तेवढंच राहतं.

हाडांचं मात्र वेगळं. ६ फुटी भिंतीवरून सरळ उडी मारली तर जमिनीला टेकताना वेग ताशी २१ किमीच्या आसपास असतो, पाय ताठ ठेवून ५ सेंमीत थांबण्याऐवजी गुडघे वाकवून ५० सेंमीत थांबलात तर सरासरी धक्का आठ-एक पट कमी. रोजच्या धक्क्यांनी हाड आधी जुना भाग काढतं, मग नवा भरतं, आणि मधल्या काळात ते कच्चंच असतं. १८५५ मध्येच प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी डॉक्टरनं मार्च करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांबद्दल लिहिलं होतं, पुढे एक्स-रे आल्यावर कळलं की ती बारीक फ्रॅक्चर असतात. त्यामुळे नडगीवर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर मर्दानगी बाजूला ठेवून एमआय रूम (युनिटचा दवाखाना) गाठा.