अपत्याची पोटगी (भारत)

आई-वडील विभक्त राहत असोत, त्यांचा घटस्फोट झालेला असो किंवा त्यांचे लग्नच झालेले नसो, अपत्याचे खाणेपिणे, कपडे, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी यांचा खर्च उचलण्याची त्यांच्यावर जी कायदेशीर जबाबदारी असते तिला अपत्याची पोटगी म्हणतात. हा हक्क अपत्याचा असतो. ज्या पालकाकडे मूल राहते तो मुलाच्या वतीने रक्कम मागतो आणि स्वीकारतो. न्यायालयात होणाऱ्या बऱ्याच भांडणांचा उलगडा एवढ्यावरच होतो. बायकोने घर सोडले म्हणून मुलाची पोटगी बुडत नाही, वडिलांनी दुसरे लग्न केले म्हणून ती संपत नाही, आणि तडजोडीत आईने ‘मुलासाठी काही मागणार नाही’ असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क त्याने सुटत नाही.

भारतात यासाठी एकच एक कायदा नाही. सर्वाधिक वापर होतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ चा. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ करत असे आणि वकील, पक्षकार आजही बोलताना ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे आणि औरस-अनौरस असा भेद करत नाही. पूर्वी त्यात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज काळातील नागरी संहिता लागू असली, तरी कलम १४४ तिथेही चालते. याशिवाय हिंदूंसाठी दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चे कलम २० आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आहे. विशेष विवाह कायदा, ख्रिस्ती व पारशी विवाहांचे कायदे यांतही तशाच तरतुदी आहेत. मुस्लिम मुलांचा हक्क वयाच्या दोन वर्षांपुरता नसून तो सज्ञान होईपर्यंत, मुलींच्या बाबतीत लग्न होईपर्यंत, टिकतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात (कायदा २००५, कलम २०) आईला स्वतःबरोबर मुलांचाही खर्च मागता येतो. तिथे न्यायालय नवऱ्याच्या मालकाला थेट पगारातून रक्कम देण्याचा आदेश देऊ शकते. नोकरदाराच्या बाबतीत ही सोय फार कामाची आहे.

एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज करता येतात, पण आधीचा आदेश लपवता येत नाही. पुढच्या न्यायालयाने आधीची रक्कम वजा धरायची असते.

किती वयापर्यंत

कलम १४४ खाली हक्क साधारणपणे १८ वर्षांपर्यंत. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याला त्यानंतरही मिळतो. विवाहित मुलगी मात्र त्यातून वगळली आहे. हिंदू अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही, स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह होत नसेल तर, १९५६ च्या कायद्याखाली मागू शकते. तिच्या बाबतीत निर्वाहात लग्नाचा वाजवी खर्चही धरला आहे. कलम निवडताना इथेच चुका होतात. वीस वर्षांच्या धडधाकट मुलीसाठी एकशे पंचवीसखाली अर्ज केला, तर तो नुसत्या वयावर अडतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नीट मांडला आहे.

मुलग्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. अठरावे वर्ष लागते तेव्हा मुलगा बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असतो. खर्च तिथून वाढतो आणि कायद्याची मुदत तिथेच संपते. म्हणून परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत’ असे कलम घालून घेणे शहाणपणाचे.

रक्कम कशी ठरते

अमेरिकेतील अनेक राज्यांप्रमाणे भारतात उत्पन्नाच्या टक्क्यांचे तयार कोष्टक नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांचा उल्लेख केला होता. तो पत्नीच्या पोटगीच्या संदर्भात होता. त्याला मुलाच्या पोटगीचा नियम समजणे चूक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये एक सोपा हिशेब वापरला: कुटुंबाच्या एकत्र उत्पन्नाचे वाटे पाडायचे, कमावत्याला दोन आणि इतरांना प्रत्येकी एक. वडिलांचा निव्वळ पगार ६०,००० रुपये, आई घरी आणि मूल एक असेल, तर चार वाटे पडतात आणि मुलाच्या वाट्याला १५,००० येतात. अंदाजासाठी हे उपयोगी आहे, पण महाराष्ट्रातील न्यायालयावर ते बंधनकारक नाही.

दोघेही कमावत असतील तर खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात विभागतात. वडिलांची निव्वळ मिळकत ६०,००० आणि आईची ४०,००० असून मुलाचा महिन्याचा खर्च २०,००० ठरला, तर वडिलांकडे १२,००० आणि आईकडे ८,००० येतात. आई कमावते म्हणून वडील मोकळे होत नाहीत. १९५६ च्या कायद्यात जबाबदारी आई व वडील दोघांवर आहे, त्यामुळे मूल वडिलांकडे असेल तर कमावत्या आईकडूनही मागता येते.

पगारातून आयकर आणि भविष्यनिर्वाह निधी वजा जातो. स्वतःहून घेतलेल्या गाडीचा हप्ता, वाढवून घेतलेली भिशी, नातेवाइकाला दिलेले कर्ज हे सहसा मान्य होत नाही. ‘नोकरी गेली, उत्पन्न शून्य’ हा बचाव धडधाकट माणसाला फारसा तारत नाही. अंगमेहनत करून का होईना कमवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितले.

मागणाऱ्या बाजूचे दुबळेपणही असते. ‘मुलाला २५,००० लागतात’ एवढेच लिहिलेल्या अर्जाला न्यायालय अंदाजाने काहीतरी देते आणि ते बहुधा कमी पडते. वर्षाची फी ४८,००० असेल तर महिन्याला ४,०००. त्यात रिक्षा किंवा स्कूल व्हॅन, शिकवणी, गणवेश-वह्या, घरभाड्यातला मुलाचा वाटा, दूध-फळे, दवाखाना असे मुद्देसूद मांडून पावत्या जोडल्या की आकडा टिकतो. जूनमध्ये फी आणि पुस्तके एकदम अंगावर येतात, म्हणून शाळेची फी मासिक रकमेत न मिसळता स्वतंत्र मागितलेली बरी.

अर्जाची वाट

कौटुंबिक न्यायालय असेल तिथे (मुंबईत वांद्रे, पुण्यात शिवाजीनगर) अर्ज तिथे होतो, एरवी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत कलम १४४ च्या अर्जाला ‘ई’ मालिकेतला क्रमांक मिळतो. पत्नी जिथे राहते तिथे अर्ज चालतो, त्यामुळे सोलापूरला माहेरी आलेल्या बाईने नवऱ्याच्या ठाण्याला खेपा घालण्याची गरज नाही. महिला व मुलांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; तालुका न्यायालयातही त्याचे कार्यालय असते.

अर्जासोबत मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, शाळेचे बोनाफाईड व फीच्या पावत्या लागतात. सर्वांत वजनदार कागद म्हणजे मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र. नागपूर कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ते दोन्ही बाजूंना सक्तीचे केले. समोरच्याने आपले शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे. टाळाटाळ चालूच राहिली तर न्यायालय त्याचा बचाव काढून टाकू शकते. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. शेतीचे उत्पन्न पगारासारखे कागदावर दिसत नसल्याने सातबारा, आठ-अ, कारखान्याची उसाची बिले आणि बाजार समितीच्या पट्ट्या मिळवणे महत्त्वाचे ठरते.

मुख्य निकालाला वर्षे लागतात, म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बेलीफ ‘इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा मारून समन्स परत आणतो आणि तारखा पडत राहतात. राहत्या पत्त्याबरोबर कामाचा पत्ता दिला तर हे बरेच टळते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते हेही २०२० च्या त्याच निकालाने पक्के केले. पण अर्जाआधीच्या वर्षांचे सहसा काही मिळत नाही, तेव्हा ‘बघू, समेट होईल’ म्हणत काढलेले महिने बुडीत जातात.

पितृत्व नाकारणे हा जुना डाव आहे. विवाह चालू असताना किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांत, आईने पुन्हा लग्न केलेले नसताना जन्मलेले मूल औरस मानले जाते. डीएनए चाचणी मागताक्षणी मिळत नाही. मात्र चाचणी होऊन वडील नसल्याचे सिद्ध झाले, तर त्या मुलाची पोटगी लादता येत नाही, असे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

वसुली

आदेश हातात पडला की अर्धेच काम झालेले असते. कलम १४४ च्या आदेशाची थकबाकी वॉरंटने वसूल होते आणि वॉरंटनंतरही न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही (सर्वोच्च न्यायालय, १९८९). मेख मुदतीत आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुली अर्ज करावा लागतो. तीन वर्षे थांबून एकदम गेल्यास या वाटेने जुने महिने हातचे जातात. दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगार किंवा मालमत्ता जप्त करता येते. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुरक्षित असतो. साध्या कर्जाच्या जप्तीपेक्षा हा हात बराच लांब जातो.

देणाऱ्यानेही कागद जपावेत. रोख दिलेले पैसे पावतीविना दिले नाहीत असेच ठरतात. बँकेतून किंवा यूपीआयने पाठवताना ‘मार्च पोटगी’ अशी टीप लिहावी. वाढदिवसाला घेतलेली सायकल, परस्पर भरलेली ट्यूशनची फी पोटगीतून आपोआप वजा होत नाही. नोकरी सुटली किंवा आजार आला तर रक्कम कमी करून घेण्यासाठी कलम १४६ खाली अर्ज करावा लागतो, आणि आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम चढत राहते. महागाई आणि वरच्या वर्गाची फी दाखवून वाढ मागण्याची वाटही हेच कलम देते.

भेट आणि पोटगी यांची सांगड घालणे ही दोन्हीकडची नेहमीची चूक. मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवता येत नाहीत आणि पैसे थकले म्हणून आईला भेट अडवता येत नाही. दोन्हींसाठी वेगळे अर्ज, वेगळे आदेश आहेत. समुपदेशकासमोर मात्र हे दोन्ही विषय एकाच बैठकीत निघतात आणि पुष्कळदा तिथेच मिटतातही.

संमतीपत्र नीट लिहिले तर पुढची निम्मी भांडणे टळतात. ‘वडील मुलाचा शैक्षणिक खर्च करतील’ हे वाक्य कोणत्याही वसुलीत निरुपयोगी, कारण थकले किती हेच त्यातून ठरत नाही. त्याजागी असे हवे: दरमहा १० तारखेपर्यंत अमुक रक्कम अमुक खात्यात, दरवर्षी जूनमध्ये अमुक टक्के वाढ, शाळेची फी पावती पाठवल्यापासून १५ दिवसांत, आरोग्य विमा कोणाच्या नावे, रुग्णालयाचा विम्याबाहेरचा खर्च कोणी किती. एकरकमी घेऊन मोकळे होण्याचा मोह असतो. पाच वर्षांच्या मुलाची पुढच्या तेरा वर्षांची फी आज कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे एकरकमी घेतलीच तर ती मुलाच्या नावे मुदत ठेवीत असावी.

पालक परदेशात असेल

२००७ च्या हेगच्या बालपोटगी करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या वडिलांवर पुण्याचा आदेश तिथल्या यंत्रणेमार्फत सरळ बजावला जात नाही. उलट दिशेने, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती (२०२० पासून) अशा परस्पर मान्यता दिलेल्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली भारतात अंमलात आणता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. अशा वेळी भारतातली स्थावर मालमत्ता, एनआरओ खाते (अनिवासी भारतीयाचे इथल्या बँकेतले खाते) किंवा भाड्याचे उत्पन्न शोधून आधी शपथपत्रात आणि मग जप्तीत आणणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो. फ्लॅट विकण्याची हालचाल दिसली तर दावा चालू असतानाच मनाईहुकमाचा अर्ज करावा. विक्री होऊन पैसे देशाबाहेर गेल्यावर इथल्या आदेशाच्या हाती फारसे काही लागत नाही.