रत्याँ ला न्वी
रत्याँ ला न्वी : फ्रेंच रॉक गायक जॉनी हॅलिडे (१९४३–२०१७; फ्रेंच उच्चार ‘अलिदे’) यांनी ले पारिझिएन या चित्रपटासाठी गायिलेले गीत व त्याची ध्वनिमुद्रिका. शीर्षकाचा अर्थ ‘रात्रीला अडवून धर’. आज्ञार्थ एकेरी, प्रेयसीला उद्देशून. शब्द शार्ल अझनाव्हूर यांचे, चाल जॉर्ज गारव्हारेंझ यांची. दोघेही आर्मेनियन वंशाचे. गारव्हारेंझ पुढे अझनाव्हूर यांचे मेहुणे झाले.

चित्रपट चार स्वतंत्र कथांचा आहे. गीत ‘सोफी’ या मार्क आलेग्रे दिग्दर्शित कथेत येते. हॅलिडे स्वतःच पडद्यावर आहेत आणि समोर बसलेल्या सोफीला (कात्रिन दनव) गिटार वाजवत ते गाऊन दाखवतात. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे वेगळे वाटेल. येथे नटाला आवाज दिलेला नाही, गायकालाच नट केले आहे. चित्रपट १९६२ च्या आरंभी प्रदर्शित झाला. त्यामुळे गीताचे साल कोठे १९६१, तर कोठे १९६२ असे आढळते. पहिले ध्वनिमुद्रणाचे आणि दुसरे प्रसाराचे मानले, तर फारसा विरोध उरत नाही.

या मुद्रिकेला ‘सिंगल’ म्हणावे का, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्लंड-अमेरिकेत मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर दोन्ही बाजूंना एकेक गाणे असे. फ्रान्समध्ये मात्र त्याच आकाराच्या, सु. १७ सेंमी. व्यासाच्या तबकडीवर प्रत्येक बाजूला दोन अशी चार गाणी देण्याची प्रथा होती. जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र असलेली ही तबकडीच दुकानात विकली जाई. दोन गाण्यांची तबकडी निघे ती बहुधा नाणे टाकून वाजवायच्या यंत्रांसाठी किंवा प्रसिद्धीसाठी. ही स्थिती १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात पालटली. तेव्हा १९६२ मधील फ्रेंच गीताला ‘सिंगल’ म्हणणे हे बरेचसे मागाहूनचे नामकरण होय. सोयीसाठी ते चालवून घेण्यास हरकत नाही.

वर्गीकरणाबाबतही मतभेद संभवतो. हॅलिडे यांची पहिली तबकडी १९६० ची. १९६१ मध्ये ते व्होग ही ध्वनिमुद्रण कंपनी सोडून फिलिप्सकडे आले आणि त्याच वर्षी ट्विस्ट नृत्याच्या गाण्याने गाजले. पॅरिसच्या पॅले दे स्पोर्त सभागृहातील रॉक कार्यक्रमांत त्या वर्षी खुर्च्यांची मोडतोड झाली होती. प्रस्तुत गीत मात्र संथ आहे; जोडीने, अंगाला अंग लावून नाचण्याच्या अशा गाण्याला फ्रेंचमध्ये ‘स्लो’ म्हणतात. रचना अझनाव्हूर यांच्या शांसाँ (शब्दप्रधान फ्रेंच गीतप्रकार) परंपरेतली, गळा रॉक गायकाचा. गायकावरून त्याला रॉक म्हणण्याचा प्रघात आहे. रचनेकडे पाहता शांसाँ हेच वर्णन अधिक जुळते. ‘ये-ये’ (त्या काळच्या फ्रेंच तरुणांचे पॉप संगीत) हे लेबल तर याला जपूनच लावावे, कारण समाजशास्त्रज्ञ एद्गार मोरँ यांनी तो शब्द ल माँद दैनिकातून रूढ केला तो जुलै १९६३ मध्ये.

हॅलिडे यांच्या मैफलींत हे गीत पुढे अनेक दशके टिकून राहिले.